ऊस, भाकरी, खरवस आणि विकरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलूस तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना महारेणू आणि विकरं (एन्झाइम) यांच्यावर दरवर्षी फिरून फिरून तेच प्रश्न येतात. बरेचसे मुलांचे, काही त्यांच्या आयांचे, दोन तर एका गुऱ्हाळमालकाचे. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. पुस्तकातला क्रम पाळलेला नाही. ज्यांना फक्त परीक्षेपुरतं हवंय त्यांनी सरळ तळाशी जावं.

महारेणू म्हणजे किती मोठा रेणू?

पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८, ग्लुकोजचं १८०. आकडा हजाराच्या पुढे गेला की महारेणू म्हणायची पद्धत आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन सुमारे ६४,५०० भरतं आणि स्टार्चचे काही रेणू कोटीच्या घरात जातात. पण आकारापेक्षा बांधणी बघा. झेंडूची माळ जशी फुलाला फूल लावून होते तसे हे रेणू लहान लहान कड्यांचे असतात. स्टार्चच्या माळेत एकच फूल, ग्लुकोज. प्रथिनाच्या माळेत २० प्रकारची फुलं, म्हणजे अमिनो आम्लं, आणि कुठल्यामागे कुठलं हे ठरलेलं. डीएनएच्या माळेत चारच प्रकार, पण माळ एवढी लांब की माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर होतो.

या कड्या एकमेकींना जोडल्या कशा जातात?

एक साधी बेरीज करा. ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०, मिळून ३६०. हे दोन जोडले की आपली रोजची साखर, सुक्रोज, तयार होते. तिचं वस्तुमान मात्र ३४२. मग १८ गेले कुठे? पाणी होऊन बाहेर पडले. निसर्गात कर्बोदकं, प्रथिनं, डीएनए, तेलं सगळी याच रीतीनं जोडली जातात: जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर, तोडताना एक आत. पुढची निम्मी उत्तरं याच वाक्याची आहेत.

आता पाण्यात साखर विरघळवून ठेवली तर ती आपोआप तुटत का नाही? पाणी तर तिथं भरपूर आहे. विरघळणं वेगळं आणि तुटणं वेगळं. तुटायला कुणीतरी धक्का द्यावा लागतो, आणि सजीवांत तो धक्का देणारा म्हणजे विकर.

ऊस तोडून दोन दिवस पडला की साखर उतारा का घसरतो? नुसता वाळतो म्हणून?

नाही. वाळल्यानं वजन घटतं, ते शेतकऱ्याचं नुकसान. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो तो इन्व्हर्टेज नावाच्या विकरामुळे. उभ्या उसातही ते असतंच. कोवळ्या उसात वाढीसाठी साखर फोडून वापरायला लागते, म्हणून तिथं जास्त. पक्व होताना ते कमी होत जातं आणि साखर साठते. कोयता बसला की पेशी फुटतात, आतले कप्पे मोडतात, विकर आणि साखर एकत्र येतात. मग पाण्याचा एक रेणू घेऊन सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होत राहतात. रस गोडच लागतो, पण या तुकड्यांचा साखरेसारखा दाणा पडत नाही. शिवाय ते सोबतच्या शाबूत साखरेलाही दाणा धरू देत नाहीत, तीही मळीबरोबर निघून जाते.

यावर कडी म्हणजे ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू. कापलेल्या टोकातून ते आत शिरतात आणि सुक्रोजमधलं ग्लुकोज जोडून जोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट महारेणू बनवतात. तोडायला एक विकर, चिकट साखळी विणायला दुसरं, आणि मधल्या मध्ये साखर संपते. डेक्स्ट्राननं रस घट्ट होतो, गाळायला त्रास देतो, साखरेचे दाणे लांबोडके पडतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यांत पुन्हा एक विकरच घालतात, डेक्स्ट्रानेज.

एका वर्षी आमचाच फड तुटून ट्रॉलीच्या वाटेकडे डोळे लावून चार दिवस बांधावर पडला होता. शेवटी गुऱ्हाळाला नेला. गूळ झाला, पण ढेप धरेना. गुळव्या म्हणाला, “सर, हा काकवीचाच ऊस झालाय.” वर्गात मी तेच एका तासाभरात सांगतो. उन्हाळ्यात तर २४ तासांच्या आत गाळप हवंच. विकराला ऊन मानवतं.

गुळाच्या काहिलीत चुना आणि भेंडी का घालतात? काहिलीतही इन्व्हर्टेजच असतं का?

प्रश्न गुऱ्हाळमालकाचा आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला आहे. काहिलीत रस उकळतो तेव्हा इन्व्हर्टेज कधीच मेलेलं असतं. पण ताजा रस मुळात थोडा आंबट, त्याचा सामू (पीएच; सातापेक्षा कमी म्हणजे आंबट) पाचाच्या थोडा वर. आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की विकराशिवायही साखर तुटते. चुन्याची निवळी तो आंबटपणा कमी करते. जास्त झाली तर गूळ काळपट पडतो, म्हणून गुळव्याच्या हाताला मोल.

भेंडीचा बुळबुळीतपणा हाही महारेणूच, कर्बोदकांच्या लांब फांदीदार साखळ्यांचा. त्या रसातली घाण आणि तापून गोळा झालेली प्रथिनं गुंडाळून वर आणतात, मग ते सगळं झाऱ्यानं काढायचं.

पावसाळ्यात गूळ पाझरतो तोही याच गोष्टीमुळे. तुटलेली साखर, विशेषतः फ्रुक्टोज, हवेतलं पाणी ओढते.

गूळ खाल्ला तर रक्तातली साखर वाढत नाही ना?

वाढते. गुळात थोडं लोह आणि इतर खनिजं आहेत, पण तो बहुतांशी सुक्रोजच आहे. आतड्यातल्या विकराला गुळाची ढेप आणि साखरेची पिशवी यांतला फरक कळत नाही.

चिपाडात काय उरतं?

मुख्यतः सेल्युलोज. आणि सेल्युलोजच्या माळेतलं फूल कोणतं? ग्लुकोज! स्टार्चमध्ये तेच, इथंही तेच. फरक गाठ बांधायच्या पद्धतीत. स्टार्चमधली गाठ एका बाजूची, त्यामुळे साखळी स्प्रिंगसारखी वळते. सेल्युलोजमधली गाठ दुसऱ्या बाजूची, त्यामुळे साखळ्या सरळ राहतात, शेजारी शेजारी बसतात आणि दोरासारख्या घट्ट होतात. आपल्या पोटातली विकरं पहिली गाठ सोडवतात, दुसरी सोडवायचं विकर आपल्याकडे नाही. म्हशीकडेही नाही, खरं तर. तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून कडब्याचं दूध होतं. आपण मात्र रस काढून घेतो आणि उरलेलं ग्लुकोज चुलवाणात जाळतो.

ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, गव्हाच्या कणकेला लागत नाही. का?

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं आहेत. पाणी लावून मळलं की त्यांचं जाळं होतं, त्यालाच ग्लुटेन म्हणतात. चपाती लाटताना ताणली जाते ती त्याच्या जिवावर. ज्वारीत हे जाळं होत नाही, मग धरून कोण ठेवणार? स्टार्च. पण थंड पाण्यात स्टार्चचे कण दगडासारखे बसून असतात. साधारण ७० अंशांच्या आसपास ते पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. उकळतं पाणी ओतून थोडं पीठ शिजवून घ्यायचं ते एवढ्यासाठी. पीठ विरी गेलं (चिकटपणा गेला) की आई हमखास उकळतं पाणी जास्त घालायची. रसायनशास्त्र न शिकता तिला ते माहीत होतं.

बाजरीचं पीठ लवकर कडू का होतं, असं जत-आटपाडीकडची मुलं विचारतात. बाजरीत तेल जास्त, साधारण पाच टक्के. दळल्यावर लायपेज नावाचं विकर त्या तेलापर्यंत पोचतं आणि मेदाम्लं सुटी करतं. ती पुढे खवट होतात. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळावी.

आणि घरी करायचा सगळ्यात सोपा प्रयोग: भाकरीचा कोरडा तुकडा काहीही न लावता दोन-तीन मिनिटं चावत राहा. गोड लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडून माल्टोज नावाची साखर काढतं. जेवणात ही गोडी कुणाला लागत नाही, कारण ठेचा असतो.

भाकरीबरोबर आमटी किंवा पिठलंच का?

चवीचं तुम्ही बघा. प्रथिनांचं असं की २० अमिनो आम्लांपैकी नऊ मोठ्या माणसाच्या शरीराला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यातलं लायसिन कमी पडतं. डाळीत आणि हरभऱ्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते ज्वारी भरून काढते. एकाची उणीव दुसरं झाकतं. कुठल्याही वैज्ञानिकानं सांगायच्या आधीपासून ही जोडी आपल्या ताटात आहे.

खरवस नुसत्या वाफेवर घट्ट होतो, साधं दूध का नाही?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. साध्या दुधात मुख्य प्रथिन केसीन. ते उष्णतेला दाद देत नाही. कितीही उकळा, दूध दूधच राहतं. त्याला आंबटपणा लागतो. सामू ४.६ च्या जवळ आला की केसीन एकमेकांना धरतं, आणि तेच दही. चिकात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात, मात्र दुसऱ्या प्रकारची प्रथिनं खच्चून भरलेली असतात, त्यातली बरीचशी प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं). प्रथिनाची साखळी म्हणजे नीट घडी घातलेलं लुगडं समजा. उष्णतेनं घडी विस्कटते, मोकळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि मधलं पाणी अडकून राहतं. अंडं उकडल्यावर होतं तेच. साखळी तुटत नाही हं, फक्त घडी मोडते. परीक्षेत बरीच मुलं इथंच गुण घालवतात.

ती प्रतिपिंडं वासराच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जातात, पण जन्मल्यापासून साधारण पहिल्या २४ तासांतच. नंतर ते दार बंद. तेव्हा पहिला चीक वासराचा, खरवस उरलेल्याचा.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तपकिरी रंग कुठल्या विकरामुळे?

कुठल्याच नाही! खवा भाजताना दुधातली साखर आणि प्रथिनं यांची आपसात अभिक्रिया होते, तिला मायार अभिक्रिया म्हणतात. एवढ्या तापात विकर जगत नाही. सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं ते विकराचं काम, पेढा खमंग होतो ते आचेचं.

विकर नेमकं करतं काय?

जुन्या रस्त्यानं पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढावा लागतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना गाड्या बोगद्यातून जातात. दोन्हीकडची गावं आहेत तिथंच, त्यांची उंचीही तीच, फक्त मधला चढ टळला. अभिक्रियेतही असाच ऊर्जेचा एक चढ असतो, आणि विकर बोगदा पाडतं. ते स्वतः खर्ची पडत नाही, शेवटी काय तयार होणार तेही बदलत नाही, वेग बदलतं. उपमेत एक खोट आहे: खंबाटकीचा जुना बोगदा एकेरी आहे, विकर दोन्ही दिशांना सारखंच मदत करतं.

वेग म्हणजे किती? रक्तात कार्बन डायऑक्साइड पाण्याशी जोडणारं कार्बोनिक अनहायड्रेज सेकंदाला सुमारे सहा लाख रेणू हातावेगळे करतं. उलट, पानात हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को सेकंदाला जेमतेम तीन. इतकं आळशी म्हणून झाडांना ते ढीगभर बनवावं लागतं.

हे साधतं विकरावरच्या एका खाचेमुळे. खाचेत नेमका रेणू बसतो. एमिल फिशरनं १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये कोशलंडनं सुधारली: रेणू आत शिरताना खाच स्वतःही थोडी बदलते, हात घातल्यावर हातमोजा बदलतो तशी. मला दुसरी जास्त पटते, परीक्षेत दोन्ही लिहा.

हळद शिजवतात ती विकरं मारायला का?

तेही एक कारण. शिजवल्यावर कंदातली विकरं निकामी होतात, मोड येणं थांबतं. स्टार्च फुगून चिकट होतो आणि वाळल्यावर हळकुंड कडक, एकजीव होतं. पिवळा रंग कंदभर सारखा पसरतो. सांगलीच्या बाजारात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तो रंग इथं ठरतो. कुरकुमिन मात्र महारेणू नाही, वस्तुमान फक्त ३६८.

प्रत्येक विकराचं सोयीचं तापमान आणि सामू वेगळा. लाळेतलं अमायलेज ६.८ ला खूश, जठरातलं पेप्सीन २ ला, आतड्यातलं ट्रिप्सिन ८ ला. थंडीत विकर मरत नाही, गारठून बसतं. फ्रिजमधलं दूध म्हणून टिकतं. उष्णतेनं मात्र घडी मोडते. याला अपवाद आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं विकर) ७२ अंशांना उत्तम चालतं आणि ९५ सोसतं. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचा डोलारा अशाच उष्णता सोसणाऱ्या विकरांवर उभा होता.

बेदाण्याला डिपिंग ऑइल आणि गंधकाची धुरी कशाला?

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. मेण मेदांच्या गटातलं, पाणी अडवणारं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की तो थर सैल होतो आणि पाणी लवकर उडतं, नाहीतर रॅकवर घड दुप्पट दिवस लटकतील. इकडे मणी सुकताना पेशी फुटतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर मणी तपकिरी करायला लागतं. गंधकाच्या धुरीतला सल्फर डायऑक्साइड त्याला रोखतो. तासगावच्या सौद्यात भाव रंगावर ठरतो, म्हणजे एका विकराला किती अडवलं यावर.

फवारणी करताना विषबाधा होते ती पोटात गेल्यामुळे?

त्वचेतून आणि श्वासातूनही होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या खाचेत जाऊन बसतात आणि उठत नाहीत. दोन नसांमधला किंवा नस आणि स्नायू यांच्यातला निरोप पोचल्यावर तो पुसायचं काम या विकराचं. निरोप पुसलाच नाही तर स्नायू आणि ग्रंथी चालूच राहतात. लाळ, घाम, डोळ्यातल्या बाहुल्या बारीक, छातीत कफ, शेवटी श्वास बंद. किडीचं हे विकर आणि आपलं जवळजवळ सारखंच आहे, घोळ तिथंच आहे. असं काही दिसलं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. लिंबूपाणी देत बसू नका.

सापाचं विषही विकरच असतं का?

शिराळ्याची मुलं हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. विष म्हणजे प्रथिनांचं मिश्रण. त्यातली काही विकरं, काही नाहीत. घोणसीच्या विषातली विकरं रक्त गोठवणारी साखळी उगाचच पेटवतात. गोठायचा माल संपून जातो आणि मग रक्त गोठतच नाही. म्हणून दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं का बघतात. मण्यारीच्या विषातलं एक विकर नसांच्या टोकांवरचा मेद कुरतडतं. नागाचं मुख्य विष मात्र विकर नाही. लहानसं प्रथिन आहे, स्नायूवरचं निरोपाचं कुलूपच अडवून बसतं.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ते घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं असतात, म्हणजे प्रथिनाविरुद्ध प्रथिन. आवळपट्टी नको, चिरा मारणं नको, सरळ सरकारी रुग्णालय.

इन्शुलिनची गोळी का मिळत नाही? (एका आजीचा प्रश्न)

आजी, इन्शुलिन हे प्रथिन आहे, ५१ अमिनो आम्लांचं. गिळलं तर जठरातलं पेप्सीन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन त्याला हरभऱ्याच्या डाळीसारखंच पचवून टाकतील. सुई टोचावी लागते ती त्यांना चुकवण्यासाठी.

सगळी विकरं प्रथिनंच असतात का?

बहुतेक. पण हे सिद्ध करायला वेळ लागला. १८३३ मध्ये पायाँ आणि पर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा काढला. १८९७ मध्ये बुखनरनं दाखवलं की यीस्ट वाटून काढलेल्या रसातही किण्वन (आंबण्याची क्रिया) होतं, जिवंत पेशी लागत नाही. तरी विकर म्हणजे काय वस्तू, हे ठरत नव्हतं. जेम्स समनरनं नऊ वर्षं खपून १९२६ मध्ये जॅकबीनच्या बियांतून युरिएज हे विकर शुद्ध स्फटिकांच्या रूपात काढलं आणि ते प्रथिन निघालं. सतराव्या वर्षी झालेल्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता. हे सगळं एका हातानं. बऱ्याच मोठ्या लोकांनी त्याला खोटं ठरवलं, नोबेल मिळालं १९४६ मध्ये.

युरिएज तुमच्या ओळखीचं आहे. गोठ्यातला नाकाला झोंबणारा वास त्याचाच, मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. उसाला टाकलेला युरिया मातीआड केला नाही तर जमिनीतलं युरिएज तोही असाच उडवतं.

पुढे आरएनएचेही (डीएनएच्या भाऊबंद महारेणूचेही) काही रेणू विकराचं काम करतात असं कळलं. चेक आणि आल्टमन यांना त्यासाठी १९८९ चं नोबेल मिळालं.

डीएनए डोळ्यांनी बघता येतो का?

महाबळेश्वरची तीन-चार पिकलेली स्ट्रॉबेरी घ्या. पिशवीत घालून चुरडा, अर्धी वाटी पाणी, चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण, चिमूटभर मीठ घालून हलक्या हातानं मिसळा, गाळा. गाळलेल्या रसावर फ्रिजमध्ये गार केलेलं स्पिरिट काठानं सोडा. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू वर येतील, काडीला गुंडाळून घ्या. साबणानं पेशीचं मेदाचं आवरण फुटतं, मिठानं डीएनए गोळा व्हायला मदत होते, स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही. स्ट्रॉबेरीच का? तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात दोन. तंतूंत थोडं पेक्टिनही येतं, निव्वळ डीएनए समजू नका.

परीक्षेत हमखास चुकतं ते काय?

मेद. ते महारेणूंच्या चार गटांत (कर्बोदकं, प्रथिनं, डीएनए-आरएनए, मेद) मोजले जातात, पण कडीला कडी लावलेली लांब साखळी त्यांच्यात नाही; तेलाच्या एका रेणूचं वस्तुमान आठ-नऊशे. पेशी वाटून आम्लात टाकल्यावर मेद न विरघळणाऱ्या भागात सापडतात, कारण पटलांचे (पेशीच्या मेदाच्या आवरणांचे) तुकडे होऊन फुगे बनतात. म्हणून ते महारेणूंच्या पंगतीत बसले. दुसरं, विकरांचे प्रकार. जुन्या गाइडमध्ये सहा आहेत. २०१८ मध्ये सातवा आला, पटलातून रेणू आणि आयन पलीकडे नेणाऱ्यांचा. पाठ्यपुस्तकात सहा असतील तर उत्तरपत्रिकेत सहाच लिहा आणि सातवा मला येऊन सांगा.